इंजिन ऑइल खातंय! पण किती, आणि कुठून?

पेट परीक्षेची तयारी करणाऱ्या एका ज्युनियरने मला मागे विचारलं होतं, "ताई, रिसर्च क्वेश्चन म्हणजे नक्की काय गं?" मी तेव्हा पुस्तकी उत्तर दिलं. त्याहून बरं उत्तर मला गेल्या पावसाळ्यात मिळालं, मालाड पश्चिमेच्या एका छोट्या मैदानावर, गवत कापायच्या गाडीशेजारी उकिडवं बसून. म्हणून आज त्या गाडीची गोष्ट. यात माझी एक ढळढळीत चूकही आहे, आणि ती लपवली तर लेखाचा अर्धा उपयोग जाईल.

गाडी म्हणजे वर बसून चालवायचा लॉन ट्रॅक्टर. एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक, हवेने थंड होणारं पेट्रोल इंजिन. वय पंधरा वर्षांच्या पुढे. आमच्या सोसायटीतले दोघे-तिघे त्या मैदानाच्या समितीवर आहेत. माझी पीएच.डी. वंगणांच्या रसायनशास्त्रात आहे हे त्यांना माहीत होतं. तेव्हा एका रविवारी निरोप आला: "जरा बघ गं, गाडी ऑइल फार खाते."

तिथे गेल्यावर कळलं की खरा प्रश्न गाडीचा नव्हताच. रजिस्टरमध्ये महिन्याला चार-साडेचार लिटर ऑइलची खरेदी दिसत होती आणि इंजिनात एकावेळी मावतं जेमतेम 1.4 लिटर. मग बाकीचं जातं कुठे? गाडी चालवणारे माळीकाका तिथे बरीच वर्षं आहेत. तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं, पण ऑइलचे डबे कुलपात ठेवायला सुरुवात झाली होती. काकांना ते कळलं होतं. मला एवढंच म्हणाले, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सांगा आता."

आधी हिशोब

असा प्रश्न समोर आला की आपण लगेच "का?" विचारतो. रिंगा गेल्या का, सील गेलं का, ऑइल बनावट आहे का. त्याच्या आधीचा प्रश्न असतो "किती?" आणि तो सहसा कुणीच मोजलेला नसतो. इथेही "फार खाते" यापलीकडे आकडा नव्हता.

म्हणून पहिलं काम वस्तुमानाच्या हिशोबाचं. इंजिनात जितकं ऑइल घातलं, त्यातून आत उरलेलं वजा केलं की गेलेलं ऑइल मिळतं. इतकं सोपं. अडचण असते ती मोजण्यात. डिपस्टिक हे ढोबळ साधन आहे. गाडी थोडी तिरकी उभी असेल, किंवा इंजिन नुकतंच बंद करून ऑइल अजून खाली उतरलं नसेल, तर पातळी वेगळी दिसते. म्हणून आम्ही नियम ठरवले. गाडी रोज पॅव्हेलियनसमोरच्या त्याच लादीवर उभी करायची. सकाळी इंजिन गार असतानाच बघायचं. डिपस्टिक पुसून दोनदा बुडवायची. पातळी "फुल"च्या खुणेपर्यंत आणायला किती ऑइल लागलं ते डब्याचं आधीचं आणि नंतरचं वजन करून काढायचं. वजनकाटा आमच्या स्वयंपाकघरातला. ऑइलची घनता साधारण 0.87 ग्रॅम प्रति मिलिलिटर धरली.

आपलं साधन किती बारीक बघू शकतं हेही तपासलं. सिरिंजने 25-25 मिलिलिटर ऑइल घालत गेलो, तर डिपस्टिकवर प्रत्येक वेळी साधारण एक मिलिमीटरचा फरक दिसला. म्हणजे आमच्या मापात वीस-पंचवीस मिलिलिटरची चूक सहज होऊ शकते. ही संख्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवली. तुम्हीही तुमच्या प्रयोगात हेच आधी करा. नंतर आलेला फरक खरा आहे की मापातला गोंधळ, हे ठरवायला तीच संख्या कामाला येते.

दर पाच तासांच्या कामानंतर भर घालायची, असे तीन वेळा केलं. आकडे आले 310, 280 आणि 330 मिलिलिटर. सरासरी काढली तर तासाला साधारण 61.

आता रजिस्टरकडे या. पावसाळ्यात गाडी आठवड्याला बारा तास चालते, म्हणजे महिन्याला बावन्नच्या आसपास. 52 गुणिले 61 म्हणजे सुमारे 3.2 लिटर. त्यात महिन्यातून एकदा पूर्ण ऑइल बदलतात, त्याचे 1.4 लिटर मिळवा. झाले 4.6. रजिस्टर म्हणत होतं चार ते साडेचार. हिशोब मापातल्या चुकीच्या आत जुळला. ऑइल डब्यातून इंजिनात जात होतं आणि इंजिनच ते संपवत होतं.

ते पान मी समितीला दाखवलं. कुलूप कधी निघालं ते मला कुणी सांगितलं नाही, पण पुढच्या रविवारी नव्हतं.

आकडा काय सांगतो

गाडी तासाला साधारण तीन लिटर पेट्रोल पिते. म्हणजे एका लिटरमागे वीस मिलिलिटर ऑइल, दोन टक्के. हा आकडा आपल्या आई-वडिलांच्या पिढीला तोंडपाठ आहे. टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये पेट्रोल भरताना पंपावर टू-टी ऑइल घालायचे ते साधारण याच प्रमाणात. थोडक्यात, आमचं फोर-स्ट्रोक इंजिन जुन्या स्कूटरसारखं वागत होतं. धूरही तसाच, निळसर.

धुराचा रंग ही अडाणी खूण नाही. गावाकडे विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा धूर बघून मिस्त्री आजार सांगायचे. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची सुरुवात 1946 ची, तेव्हा हे शहाणपण आपल्याकडे निदान तीन पिढ्यांचं आहे. काळा धूर म्हणजे इंधन जास्त, नीट न जळलेल्या कार्बनचे कण. सुरुवातीचा पांढरा, लगेच विरणारा धूर बहुतेकदा पाण्याची वाफ. निळसर धूर म्हणजे ऑइलचे अतिसूक्ष्म थेंब. ते इतके बारीक असतात की निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त विखुरतात. पण रंग फक्त "ऑइल जळतंय" एवढंच सांगतो. ते कुठल्या वाटेने आत आलं हे सांगत नाही.

मोठ्या प्रयोगशाळांत हीच मोजणी वेगळ्या तऱ्हेने करतात. 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे बीएस-6 इंधन आहे, त्यात गंधकाचं प्रमाण जास्तीत जास्त दहा लाखात दहा भाग. इंजिन ऑइलमध्ये गंधक त्याहून कितीतरी जास्त असतं. त्यामुळे धुरातला सल्फर डायऑक्साइड मोजला की ऑइल किती जळलं ते चालू इंजिनावरच कळतं. आमच्याकडे वजनकाटा होता. पद्धत साधी असली तरी चालते, फक्त तिची मर्यादा माहीत हवी.

ऑइल जायच्या वाटा

फोर-स्ट्रोक इंजिनातून ऑइल जायच्या मुख्य वाटा अशा.

पहिली, बाहेर गळती: क्रँकशाफ्टची सील, पॅकिंगचे जोड.

दुसरी, पिस्टनच्या रिंगा. सगळ्यात खालची ऑइल रिंग बोअरवरचं ऑइल खरवडून परत खाली पाठवते. ती झिजली किंवा कार्बनने जाम झाली की ऑइल वर ज्वलनकक्षात जातं.

तिसरी, व्हॉल्व्हचे गाइड आणि त्यांची सील. इनटेकच्या वेळी जी ओढ तयार होते, ती सैल गाइडमधून ऑइल खेचते.

चौथी, ब्रीदर. क्रँककेसमधली हवा एका पातळ पत्तीच्या झडपेतून बाहेर सोडून एअर फिल्टरकडे नेलेली असते. आत दाब वाढला की तीच हवा ऑइलची वाफ आणि थेंब सोबत नेते.

पाचवी वाट लोक विसरतात. वर व्हॉल्व्ह असलेल्या अशा अनेक इंजिनांत सिलिंडरच्या अगदी शेजारून पुशरॉडचा बोगदा जातो आणि दोन्हींच्या मध्ये हेड पॅकिंगची एक अरुंद पट्टी असते. ती पट्टी जळाली की ज्वलनाचा दाब थेट बोगद्यातून क्रँककेसमध्ये शिरतो आणि ब्रीदरमधून ऑइल बाहेर ढकलतो. बाहेरून एक थेंब दिसत नाही.

गळती आधी बाद केली. इंजिन पुसून खाली रात्रभर पुठ्ठा ठेवला, दोन-चार डाग पडले. तासाला 61 मिलिलिटर त्यातून जाणं शक्य नाही.

मग डिपस्टिकच्या नळीला पारदर्शक पाइप लावून त्याचा यू केला आणि त्यात पाणी भरलं. निरोगी इंजिन चालू असताना क्रँककेसमध्ये हलकी ओढ असते, पाणी इंजिनाच्या बाजूला चढतं. आमचं पाणी उलट्या बाजूला चढलं. ब्रीदरची पत्ती काढून बघितली, ती ठीक होती. म्हणजे ज्वलनाचा वायू क्रँककेसमध्ये येत होता. दोनच संशयित उरले, रिंगा आणि हेड पॅकिंग.

माझी चूक

ओळखीच्या मेकॅनिकने कॉम्प्रेशन गेज आणलं. प्लग काढून गेज लावलं, किक-स्टार्ट बाइकवर सवय असलेल्या हाताने इंजिन फिरवलं. काटा 70 पीएसआयच्या आसपास थांबला. चांगल्या बाइकला याच्या दुप्पट येतं. तो म्हणाला, "रिंगा गेल्या. फुल इंजिन करावं लागेल."

मीही मान डोलावली. एवढंच नाही, समितीला तशी चिठ्ठी लिहून दिली, खाली नावासमोर पदवी लावून. खर्चाचा अंदाज आला. तो ऐकून समितीत गाडी भंगारात काढायची चर्चा सुरू झाली. ऐन पावसाळ्यात, गवत घोट्यापर्यंत वाढलेलं असताना.

दोन दिवसांनी ऑइलचा ग्रेड बघायला म्हणून मी इंजिनाची पुस्तिका उघडली. तिच्यात लिहिलं होतं की या इंजिनाच्या कॅमशाफ्टवर कॉम्प्रेशन रिलीज आहे. स्टार्टरला जोर कमी पडावा म्हणून इंजिन हळू फिरत असताना कॅमवरचा एक छोटा उंचवटा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवतो. इंजिनाने वेग घेतला की तो उंचवटा मागे सरतो. म्हणजे प्लगच्या भोकात गेज लावून स्टार्टरवर फिरवलं, तर नवंकोरं इंजिनही कमीच आकडा दाखवणार!

गेज खोटं बोलत नव्हतं. ते मोजत होतं ते मी समजत होते ते नव्हतं. आणि समजा रिलीज नसतं, तरी कमी कॉम्प्रेशन रिंगांमुळेही आलं असतं आणि जळालेल्या पॅकिंगमुळेही. दोन्ही शक्यतांत जी चाचणी एकच उत्तर देते, ती त्या दोघांत निवाडा करू शकत नाही. मी मात्र तिला पुरावा मानून सही केली होती.

मी समितीला दुसरी चिठ्ठी दिली: "आधीचं मत मागे घेते, कारण असं." लाज वाटली. पण भंगारवाला यायच्या आधी दिली, एवढं बरं.

निवाडा करणारी चाचणी

पुस्तिकेत आणखी एक ओळ होती. 27 अंश सेल्सिअसच्या वर 10डब्ल्यू-30 वापरलं तर ऑइलचा खप वाढू शकतो, तिथे एसएई 30 बरं. मुंबईत दुपारी 27 च्या खाली तापमान किती दिवस असतं, तुम्हीच सांगा. समितीचं म्हणणं होतं की ऑइल बदला, हेड खोला, सगळं एकदम करून टाका. मी हट्ट धरला की एकावेळी एकच बदल. एसएई 30 घालून पुन्हा पाच-पाच तासांची तीन मापं घेतली: 260, 240, 270. तासाला साधारण 51. फरक पडला, पण थोडा, आणि त्या आठवड्यात पाऊस लागून हवाही गार झाली होती. त्यामुळे सगळं श्रेय ऑइलला देता येत नाही. एवढं नक्की, की मूळ आजार हा नव्हता.

मग गळतीची चाचणी. जुन्या प्लगमधली चिनी माती फोडून काढून त्यात हवेच्या नळीचा जोड बसवला. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर दोन तासांसाठी आणला. पात्याचा पट्टा काढला, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टोकाला आणून फ्लायव्हील पक्कं अडकवलं. हे करताना आळस करू नका, कारण हवेचा दाब इंजिन अचानक फिरवू शकतो. मग कमी दाबाने हवा सोडली आणि कान लावला. हवा सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह. आमची फुसफुस आली डिपस्टिकच्या नळीतून. पुन्हा तेच, रिंगा किंवा पॅकिंग.

आता निवाडा. सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालायचं आणि चाचणी परत करायची. ऑइल रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवतं, त्यामुळे दोष रिंगांचा असेल तर फुसफुस स्पष्ट कमी होते. पॅकिंगच्या भोकावर त्याचा काही परिणाम होत नाही. दोन शक्यता, दोन वेगळी उत्तरं. अशीच चाचणी हवी होती. यातही एक खोच आहे. या इंजिनाचा सिलिंडर आडवा असतो, घातलेलं ऑइल तळाशीच साचतं. म्हणून प्लग न लावता इंजिन हाताने बऱ्याच वेळा फिरवून ते सगळीकडे पसरवलं आणि मग हवा सोडली.

फुसफुस तशीच. काका शेजारी बसून ऐकत होते. म्हणाले, "काहीच कमी नाही झालं, ताई."

हेड काढलं. पॅकिंगवर बोअरच्या कडेपासून पुशरॉडच्या बोगद्यापर्यंत काळा, जळका पट्टा. बोअरवर होनिंगच्या आडव्या-तिरप्या रेषा अजून दिसत होत्या, म्हणजे रिंगांचीही हालत तितकी वाईट नसावी.

पण पॅकिंग जळालं का? फ्लायव्हीलवरचं झाकण काढल्यावर उत्तर दिसलं. थंड करणाऱ्या पंख्यांच्या फटींत ओल्या गवताचा आणि ऑइलचा थर घट्ट बसला होता, शेणाने सारवल्यासारखा. हवा जायला जागाच नव्हती. हेड तापत राहिलं आणि सगळ्यात अरुंद पट्टी आधी गेली. काका म्हणाले, "पावसाळ्यात कापलं की गाडी गरम वास मारते, हे मी दोन वर्षं सांगतोय." ही माहिती पहिल्या दिवसापासून उपलब्ध होती. मी विचारलंच नव्हतं.

फटी साफ केल्या, काचेवर ठेवून फीलर गेजने हेडचा सपाटपणा तपासला, नवीन पॅकिंग टाकलं, बोल्ट पुस्तिकेतल्या क्रमाने टॉर्क पान्याने आवळले. मग त्याच लादीवर, त्याच काट्यावर तीन मापं: 40, 55, 35. तासाला नऊच्या आसपास. हे आकडे आमच्या मापाच्या चुकीच्या इतके जवळ आहेत की "नऊ" पेक्षा "पंधराच्या आत" म्हणणं जास्त प्रामाणिक. पॅकिंग आणि साफसफाई एकदमच झाली, तेव्हा कुणामुळे किती फरक पडला हेही सांगता येणार नाही. जुनं इंजिन थोडं ऑइल खाणारच. ते शून्यावर आणायचा हट्ट नको, लक्ष ठेवलं की पुरे.

घरी नेण्यासारखं

तुमच्याकडे असं जुनं इंजिन असेल, मग ते गवताचं असो, पॉवर टिलरचं किंवा पंपाचं, तर एवढं करा. रोज सुरू करण्याआधी सपाट जागी ऑइल बघा. अशा बऱ्याच लहान इंजिनांत ऑइल नुसतं उडवून पसरवतात, दाबाचा दिवा नसतो, आणि पातळी फार खाली गेली तर कनेक्टिंग रॉडच जातो. "फुल"च्या वर कधी भरू नका, जास्तीचं ऑइल ब्रीदरमधूनच बाहेर येतं. थंड करायच्या फटी पावसाळ्यात वरचेवर साफ करा.

आणि संशोधनाची तयारी करत असाल, तर आज रात्री एक कागद घ्या. तुमच्या विषयातला एक प्रश्न लिहा. खाली त्याची दोन शक्य उत्तरं लिहा. मग तुम्ही ठरवलेला प्रयोग घेऊन स्वतःला विचारा, पहिलं उत्तर खरं असेल तर यात काय दिसेल? दुसरं खरं असेल तर काय दिसेल? दोन्हीकडे एकच उत्तर येत असेल तर प्रयोग बदला, सही करायच्या आधी.

काकांची वही अजून चालू आहे. तारीख, तास, ग्रॅम. मागच्या रविवारी गेले तेव्हा त्यांनी त्यात स्वतःच एक नवीन रकाना आखला होता: "फटी साफ केल्या का?"